इसहाकाच्या विहिरी आणि आमचें पाणी



उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायांत इसहाकाच्या विहिरींची हकीकत आहे. त्याच्या चाकरांस जिवंत पाण्याचा झरा लागला, तोंच गरारचे गुराखी तंट्यास उभे राहिले. दुसऱ्या विहिरीवरहि तेंच झालें. तेव्हां तो पुढें गेला, आणि तिसऱ्या विहिरीविषयीं कोणी भांडलें नाहीं.

इसहाकास पुढें जावयास मोकळें रान होतें. आम्हां नाशिक रोडच्या व दारणाकांठच्या लोकांस तें कोठें आहे? शेजाऱ्यानें दोनशें फूट बोअर घेतली कीं आम्ही तीनशें फूट घेतों. हाहि तंटाच, फक्त तोंडानें बोलत नाहीं इतकेंच.

ज्यांस पुढें जातां येत नाहीं, त्यांनीं वांटून घेण्याची रीत शोधली पाहिजे. ती आमच्याच जिल्ह्यांत जुनी आहे. बागलाणांत मोसम व आरम या नद्यांवर फड पद्धत शेंकडों वर्षें चालत आली. बंधाऱ्याचें पाणी पाटानें फडांत येई, आणि पाटकरी तें पाळीनें सोडी. पाणी थोडें असेल त्या वर्षीं कांहीं फड कोरडे ठेवीत. पण एकेकाचें शेत निरनिराळ्या फडांत असल्यामुळें तूट सर्वांच्या वांट्यास येई. वर धरणें झालीं तशी पुष्कळ फडांची घडी विसकटली.

दिंडोरी तालुक्यांतील वाघाड धरणाचें पाणी कालव्याच्या शेपटाशीं ओझरास नीट पोहोंचत नसे. तेथें १९९१ च्या सुमारास बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांच्या तीन पाणी वापर संस्था झाल्या. पाणी मोजून घ्यावें, मापाप्रमाणें पट्टी भरावी, वांटप आपसांत करावें, असें ठरलें. नाल्यांवर बंधारे घालून पाणी विहिरींत मुरविलें. पुढें सबंध प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या हातीं आला; आणि २००५ सालीं अशा व्यवस्थेसाठीं राज्यानें कायदा केला.

मात्र एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. पाटाचें पाणी जमीनवाल्याचें. ज्यास जमीन नाहीं त्यास पाळी कसली? आमच्या मंडळ्यांतील कित्येकांचे वाडवडील गांवच्या विहिरीपासून दूर उभे राहत, आणि कोणी वरून पाणी ओतील तर घागर भरे. शेपटाशीं उभें राहणें म्हणजे काय, हें त्यांच्या मुलांस कोणी शिकवावयास नको. म्हणून गांवीं पाण्याची सभा भरेल तेव्हां आपल्या लोकांनीं मागें बसूं नये, आणि पिण्याच्या पाण्याचा वांटा शेताच्या आधीं काढावा असें तेथें उघड सांगावें.

उपदेशक बंधूंनीं दर महिन्यास मंडळीच्या विहिरींत दोर सोडून पाणी किती हात आहे तें पाहावें, आणि आंकडा मंदिराच्या दाराशीं फळ्यावर लिहावा. शेजारचे हिंदु व मुसलमान बांधवहि तो वाचतील.