चेंडू चालतो, मग कप का चालत नाही?



आपल्या लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालतो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात येते. ट्रॅक्टरमधला कांदा कोणी काढला, कोणी निवडला, कोणाच्या हातांनी भरला, हे व्यापारी विचारीत नाही. तो आकार पाहतो, रंग पाहतो आणि भाव बोलतो. बाजारात जात आडवी येत नाही, असे आपण मोठ्या समाधानाने म्हणतो. पण त्याच कांद्याच्या चाळीवर दुपारी चहा आला की कोणापुढे कप जातो आणि कोणापुढे वेगळा ठेवलेला पेला, हे जरा पाहावे. हाताने भरलेला कांदा चालतो, पण त्या हाताने धरलेला कप चालत नाही. असे का व्हावे? या रविवारी आम्ही या प्रश्नावर तुमच्याबरोबर थोडा विचार करू इच्छितो. त्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातील एका क्रिकेटपटूची हकिगत सांगतो.

बाळू पालवणकर यांचा जन्म चर्मकार समाजातला. त्यांचे वडील लष्कराच्या नोकरीत होते. पोरवयात बाळू पुण्यात पारशी लोकांच्या क्रिकेट मैदानावर महिना तीन रुपयांवर झाडलोटीचे आणि खेळपट्टीचे काम करीत. पुढे 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात लागले. तेथे कॅप्टन ग्रेग या नामांकित फलंदाजाला सरावासाठी ते तासन्‌तास गोलंदाजी करीत. डाव्या हाताची त्यांची संथ फिरकी भल्याभल्यांना चकवी. साहेबांनी त्यांची गोलंदाजी भरपूर घेतली, पण त्यांच्या हाती बॅट काही दिली नाही.

बाळूंचे नाव झाले तेव्हा पुण्याच्या हिंदू क्रिकेट क्लबात वाद उभा राहिला. साहेबांच्या संघाला हरवायचे तर बाळू हवेत, पण संघात घेतले तर विटाळाचे काय? शेवटी त्यांना घेतले. मैदानावर सगळ्यांनी तोच चेंडू हाताळला. चहाची वेळ झाली की मात्र बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे, टेबलही वेगळे. ज्याने विकेट काढून संघ जिंकवला, त्याची ही तऱ्हा.

पुढे बाळू मुंबईला आले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तेथे हे निर्बंध बरेच सैल झाले. 1906 साली हिंदू संघाने युरोपियन संघाला 109 धावांनी हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही नामवंत खेळाडू झाले.

एवढे होऊनही बाळूंची हिंदू संघाचा कप्तान म्हणून निवड कधी झाली नाही. 1920 साली बाळूंना संघातून वगळले आणि विठ्ठल यांनाही कप्तानपदासाठी डावलले, तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी न खेळण्याचा निर्णय घेतला. अंतिम सामन्यासाठी दोघे भाऊ परत आले आणि बाळूंना उपकप्तान केले गेले. अखेर 1923 साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले, आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवले. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले.

हे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा बॅट-चेंडूचाच खेळ आहे. तेथील मोठ्या व्यावसायिक संघांत साठ वर्षांच्या आसपास एकाही काळ्या खेळाडूला घेतले गेले नाही. 15 एप्रिल 1947 रोजी ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरले आणि तो अलिखित नियम मोडला. पण संघातील गोरे खेळाडू उतरत त्या हॉटेलात रॉबिन्सन यांना काही शहरांत खोली मिळत नसे. संघाचे व्यवस्थापन काळ्या माणसाच्या हाती आलेले मला पाहायचे आहे, अशी इच्छा त्यांनी 1972 च्या ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे बोलून दाखवली आणि काही दिवसांतच त्यांचे निधन झाले. ती इच्छा 1975 साली फ्रँक रॉबिन्सन या दुसऱ्या खेळाडूच्या रूपाने पूर्ण झाली. बाळूंना कप्तानपद नाही, जॅकींना व्यवस्थापकपद नाही. दोन देश, दोन खेळ, पण माणसाचे मन एकच!

आता कोणी म्हणेल, “फादर, हिंदू क्लबाला सामने जिंकायचे होते, त्या अमेरिकन संघालाही जिंकायचे होते आणि तिकिटे खपवायची होती. यात कसला आला धर्म?” प्रश्न रास्त आहे. कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याने सांगितले आहे की, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, कारण माणूस स्वतःच साध्य आहे. ‘केवळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. एकमेकांचा उपयोग आपण सगळेच करून घेतो, त्यावाचून संसार चालत नाही. गरजेपोटी उघडलेले दारसुद्धा उघडलेलेच असते, आणि त्यातून आत आलेला माणूस पुढे इतिहास बदलू शकतो. म्हणून त्या संघांनी केले ते फुकट गेले असे आम्ही म्हणणार नाही. ते अर्धे राहिले, एवढेच म्हणू.

मग उरलेले अर्धे कोठे दिसते? जेथे आपली गरज संपते तेथे. बाळूंच्या डाव्या हाताची संघाला गरज होती, पण त्यांच्याबरोबर चहा घेण्याची गरज कोणाला नव्हती. म्हणून खरी कसोटी त्या कपाची होती. ज्याच्यावाचून आपले काही अडत नाही, त्यालाही आपण शेजारी बसवतो का? आणि ज्याला कामाला घेतले, त्याचा हुकूम मानायला आपण तयार आहोत का?

पवित्र शास्त्रातही हा कपाचा प्रश्न आहे. अंत्युखिया येथे संत पेत्र परराष्ट्रीय बांधवांबरोबर एका पंक्तीला जेवत असत. यरुशलेमहून काही मंडळी आली, तेव्हा त्यांच्या भीतीने पेत्र मागे सरले, वेगळे बसू लागले. संत पौलांनी त्यांना सर्वांदेखत जाब विचारला. हा केवळ शिष्टाचाराचा मामला असता तर पौलांनी एवढा राग धरला नसता. पंक्ती मोडली की शुभवर्तमानच मोडते, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या ख्रिस्तसभेनेही हा आरसा स्वतःसमोर धरावा. भारतातील कॅथलिक महागुरूंनी 2016 साली दलित बांधवांच्या सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेतही जातिभेद आहे याची त्यांनी कबुली दिली. संत थोमाच्या काळापासूनची परंपरा सांगणाऱ्या या देशाला पहिले दलित कार्डिनल, हैदराबादचे महागुरू अँथनी पूला, 2022 साली लाभले. कप्तान निवडायला आपणही किती उशीर केला!

आणि आपल्या धर्मग्रामाचे काय? आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी तो वेगळा पेला स्वतःच्या हातात धरला आहे. म्हणून ही शिकवण दुसऱ्यांसाठी, असे आपल्याला वाटते. पण ज्याने सोसले तो दुसऱ्याला सोसायला लावीत नाही, असे नाही. सोयरीक जुळवताना “मूळचे कोण?” हा प्रश्न आपल्याही ओसरीवर हळूच विचारला जातो. सुरगाणा-पेठकडून मजुरीला आलेले आदिवासी बांधव मिस्साला आले, तर ते मागेच उभे राहतात, आणि पुढे या असे आपण क्वचितच म्हणतो. यात आम्ही धर्मगुरूही आलो. मंदिर झाडायला माणूस हवा असतो तेव्हा आम्हाला काही घरे चटकन आठवतात. धर्मग्राम परिषदेसाठी नावे काढताना तीच घरे का आठवत नाहीत, हे आम्ही स्वतःला विचारले पाहिजे.

शोमरोनी स्त्री विहिरीवर आली, तेव्हा प्रभूने तिच्याजवळ पाणी मागितले. तिलाच आश्चर्य वाटले, कारण तिच्या लोकांशी यहुदी लोक व्यवहार ठेवीत नसत. प्रभूजवळ पोहरा नव्हता. प्यायचे तर तिच्याच भांड्यातले प्यायचे होते. त्याच प्रभूने पुढे शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांना एकच प्याला दिला, प्रत्येकासाठी वेगवेगळा दिला नाही.

या आठवड्यात घरातली भांडी एकदा तपासू या. एखादा पेला ‘त्यांच्यासाठी’ म्हणून फळीवर वेगळा ठेवलेला असेल, तर तो इतर पेल्यांत मिसळून टाकू या. मग पुढच्या रविवारी वेदीपुढे येताना आपले पाऊल अडखळणार नाही.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू