लेकरू गेलेल्या घरी जाताना



इस्पितळात नेलेले लेकरू जिवंत परत येत नाही, तेव्हा त्या घरी जाऊन आपण काय बोलतो ते आठवून पाहा. ‘रडू नको, आपण बौद्ध आहोत.’ ‘आधीच न्यायला हवे होते.’ ‘मागच्या जन्मीचे काही असेल.’ बोलणारा चांगल्या मनानेच बोलतो. पण आईच्या काळजात ते शब्द रुतून बसतात.

किसा गौतमीची कथा आपण विहारात ऐकली आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती श्रावस्तीत औषध मागत फिरली. लोकांनी तिला वेडी ठरवले. तथागतांनी तिला गप्प बस म्हटले नाही. ज्या घरी कोणी मेले नाही, त्या घरची मोहरी आण, एवढेच सांगितले. मृत्यू कुणाला चुकत नाही, हे त्यांना एका वाक्यात सांगता आले असते. पण त्यांनी तिला दारोदार चालू दिले. उंबऱ्या-उंबऱ्यावर तिला दुसऱ्याचे दुःख ऐकू आले, आणि मग मूल तिने आपल्याच हाताने खाली ठेवले. आपण मात्र तिसऱ्या दिवशीच आईकडून ते हिसकावू पाहतो!

आणि बाबासाहेब? गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न अशी चार लेकरे त्यांनी व रमाईने गमावली. जगले ते एकटे यशवंत. 1926 च्या जुलैत राजरत्न गेला. त्यानंतर मित्राला लिहिलेल्या पत्रात, आपण सावरलो असा आव बाबासाहेबांनी आणला नाही. पुढे आठ महिन्यांनी महाडचा सत्याग्रह झाला. ते दुःख बरोबर घेऊनच ते तेथे गेले असावेत, असे मला वाटते.

पूर्वजन्मीच्या पापाची भाषा तर आपल्या तोंडी शोभतच नाही. ज्या शिकवणीने आपल्या वाडवडिलांना जन्मतः हीन ठरवले, तीच आता त्या अजाण लेकराला आणि त्याच्या आईला गुन्हेगार ठरवते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी ती नाकारली आहे.

बापाचेही पाहा. इस्पितळाच्या कागदांवर सह्या त्याने केल्या, गाडी त्याने ठरवली, खड्ड्यात माती त्याने लोटली. त्याला कोणी विचारत नाही. तान्हे गेले असेल तर आईच्या अंगावर दूध दाटते, हे सांगायला तिला कोणी बाई भेटत नाही.

हजेरीपटावरचे असे एक नाव कमी करताना माझा, परक्या मास्तराचा, हात थांबतो.

पुण्यानुमोदन झाले की पाहुणे पांगतात. तुम्ही महिन्याने पुन्हा जा. दप्तर, झबले लपवायला सांगू नका. बापाशेजारी बसा आणि लेकराचे नाव घेऊन, ते कसे हसायचे ते विचारा.