युवक-मेळावे आणि राजकीय पुढारी

तरुणांचा मोठा मेळावा भरला की त्यास राजकीय पुढाऱ्यास बोलवावे किंवा नाही, आणि बोलावणे आले तर पुढाऱ्याने जावे किंवा नाही, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा दिसतो. व्यासपीठावर एक खुर्ची अधिक मांडायची, एक हार अधिक आणायचा, एवढ्यापुरताच तो आहे असे पुष्कळ कार्यकर्ते समजतात. आम्हांस तो धर्माचा प्रश्न वाटतो. येथे धर्म हा शब्द आम्ही, कोण कोणाचे काय देणे लागतो याचा विवेक, या अर्थाने योजीत आहोत. पांडेसऱ्यातील आपल्या वस्तीत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेल्या मराठी तरुणांना एकत्र आणणारी संस्था म्हणजे गणेशोत्सवाची मंडळे. तेथे हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. म्हणून सभेच्या या पत्रिकेत त्याचा विचार अस्थानी होणार नाही.

आमच्या घरी पौरोहित्य चालते. पूजेस बसल्यावर प्रथम आचमन, प्राणायाम, मग देशकालाचा उच्चार आणि संकल्प. यजमानाचे नाव व गोत्र घेऊन उदक सोडले जाते. पूजा सांगणारा कोण, सामग्री कोणी आणली, दर्शनास कोणकोण मोठी माणसे आली, यावरून फळाचा धनी बदलत नाही. ज्याच्या नावाने संकल्प सुटला तो यजमान. बाकीचे सारे अतिथी. मेळाव्याचे पाहू गेल्यास हाच प्रश्न मुळाशी आहे. हजारो मुले जमविली, पण संकल्प कोणाच्या नावाने सुटला? मुलांच्या की येणाऱ्या पाहुण्याच्या?

अगदी अलीकडचे आणि आपल्या परिचयाच्या क्षेत्रातले उदाहरण घेऊ. दि. 12 जानेवारी 2024 रोजी, स्वामी विवेकानंदांच्या जयंतीदिनी, नाशिकच्या तपोवन मैदानावर सत्ताविसाव्या राष्ट्रीय युवा महोत्सवाचे उद्घाटन पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. त्याच दिवशी त्यांनी काळाराम मंदिरात दर्शन घेतले आणि तेथे स्वतः हाती पोछा घेऊन सफाई केली. मेळाव्यातील भाषणात त्यांनी मुलांना अमली पदार्थांपासून दूर राहण्यास सांगितले, आया-बहिणींच्या नावाने शिव्या देण्याची सवय सोडा असे सांगितले. ही वडीलधाऱ्या माणसाची वाणी झाली, आणि ती त्यांच्या तोंडून लाखो घरांत पोचली, हे कोणत्याही पक्षाच्या माणसाने मान्य करावे. परंतु त्याच भाषणात घराणेशाहीच्या राजकारणावरही टीका होती आणि नव्या मतदारांना आवाहनही होते. लोकसभेच्या निवडणुका पुढे दोनच महिन्यांनी, 16 मार्चला, जाहीर झाल्या. एकाच तोंडून एकाच तासात वडिलांचा उपदेश आणि पक्षाचा विचार असे दोन्ही ऐकू आले म्हणजे समोर बसलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने त्यांतून काय निवडावे? सरकारी महोत्सवाचे यजमानपद सरकारकडे असते, तेव्हा सरकारचा प्रमुख येणारच, हे आम्हांस समजते. अन्य पक्षांची राज्ये होती तेव्हाही रीत हीच होती. तथापि रीत जुनी आहे म्हणून प्रश्न सुटत नाही.

याच्या उलट टोकाचे मत असे की राजकारणी माणसास तरुणांच्या जवळपासही फिरकू देऊ नये. हे मत नवे नाही. 1907 साली इंग्रज सरकारने रिस्ले नावाच्या अधिकाऱ्याच्या सहीचे एक परिपत्रक काढून विद्यार्थ्यांनी राजकीय सभांत भाग घेण्यास बंदी केली होती, आणि न ऐकणाऱ्या शाळांचे अनुदान बंद करण्याचा धाक घातला होता. त्या बंदीचा हेतू विद्यार्थ्यांचे अध्ययन सुरक्षित राहावे एवढाच होता, असे म्हणण्याइतके भोळे आपण नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्या या सुरत शहरी काँग्रेस दुभंगली. ज्या देशात अठराव्या वर्षी मत देता येते, तेथे मुलाने सतराव्या वर्षापर्यंत पुढाऱ्याचे तोंडही पाहू नये आणि अठराव्या वर्षी एकदम शहाणे होऊन मत द्यावे, ही अपेक्षाच हास्यास्पद होय.

तेव्हा जावे की न जावे यापेक्षा कसे जावे हे पाहणे अधिक उपयोगी. या बाबतीत महात्मा गांधींच्या दोन भेटी आम्हांस फार बोधप्रद वाटतात. डिसेंबर 1934 मध्ये वर्ध्यास राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे शिबिर भरले होते. गांधीजींचा मुक्काम तेथे जवळच होता. ते पाहावयास गेले. तेथील शिस्त, साधेपणा आणि अस्पृश्यतेचा अभाव पाहून प्रभावित झाले. पुढे 16 सप्टेंबर 1947 रोजी, दिल्लीत दंग्यांचे दिवस असताना, तेथील वाल्मीकी वस्तीत ते संघाच्या स्वयंसेवकांपुढे बोलले. वर्ध्याची आठवण काढून त्यांनी कौतुक केले, आणि लगोलग हेही सांगितले की त्यागाला शुद्ध हेतू आणि खरे ज्ञान यांची जोड नसेल तर असा त्याग समाजाच्या नाशास कारण होतो. नंतर प्रश्नोत्तरे झाली. दुष्टाचा वध करण्यास हिंदुधर्माची अनुज्ञा आहे की नाही, असे एकाने विचारले. गांधीजींच्या उत्तराचा आशय असा होता की दुष्ट कोण हे ठरविण्याचा अधिकार प्रथम स्वतः निर्दोष असलेल्यास, आणि शिक्षा देण्याचे काम रीतसर स्थापन झालेल्या सरकारचे. श्रोत्यांपैकी किती जणांस हे रुचले असेल ते असो. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे, की पाहुण्याने न रुचणारे बोलण्याचे धैर्य केले आणि मुलांना उलट विचारण्याची मोकळीक मिळाली. त्या दिवशी मैदानावर देणे आणि घेणे दोन्ही बाजूंनी झाले.

7 जून 2018 रोजी माजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी नागपुरास संघाच्या तृतीय वर्षाच्या शिक्षा वर्गाच्या समारोपास गेले, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! आयुष्यभर काँग्रेसमध्ये घालविलेला माणूस रेशीमबागेत कसा जातो, असा आक्षेप होता. ते गेले आणि राष्ट्र, राष्ट्रवाद व देशभक्ती या विषयांवर आपल्या मताप्रमाणेच बोलले. आमच्या मते त्यांचे जाणे योग्यच होते. भिन्न मताच्या तरुणांपुढे जाऊन आपले मत मांडणे हे आपल्याच मताच्या गर्दीकडून टाळ्या घेण्यापेक्षा अवघड काम. परंतु त्यांच्या कन्येने आदल्या दिवशी दिलेला इशाराही खोटा ठरला नाही. भाषण लोक विसरतील, छायाचित्रे मात्र राहतील आणि खोट्या मजकुरासह फिरतील, असे त्यांनी म्हटले होते. आणि त्याच रात्री प्रणवबाबूंच्या डोक्यावर टोपी चढविलेले बनावट चित्र मोबाइलवरून फिरू लागले. संघानेही त्याचा निषेध केला. आज किती जणांना ते भाषण आठवते? आजकालचा मेळावा मुख्यतः चित्रासाठीच भरतो की काय, अशी शंका यावी अशी ही स्थिती आहे.

मुले वयाने लहान असली म्हणजे प्रश्न आणखी नाजूक होतो. महाविद्यालयातील युवक कंटाळला तर उठून जाऊ शकतो. गणवेशातील बालवीर रांग सोडून जाऊ शकत नाही. त्याचे टाळ्या वाजविणेसुद्धा शिस्तीचा भाग असते. अमेरिकेत 24 जुलै 2017 रोजी तेथील बालवीरांच्या राष्ट्रीय मेळाव्यात, जेथे सुमारे चाळीस हजारांचा समुदाय होता, अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आपल्या राजकीय विरोधकांवर तोंडसुख घेतले. अध्यक्षाने त्या मेळाव्यास जावे ही तेथील फार जुनी परंपरा. पण तीनच दिवसांनी संघटनेच्या मुख्य अधिकाऱ्यास पालकांची जाहीर क्षमा मागावी लागली. बोलले पाहुणे, आणि क्षमा मागितली यजमानाने! आपल्याकडील भारत स्काउट्स आणि गाइड्स ही 7 नोव्हेंबर 1950 रोजी एकत्र आलेली संघटनाही आपल्या व्याख्येतच स्वतःस अराजकीय म्हणविते. व्याख्येतील शब्द व्यासपीठावरही पाळला जातो का, हे ज्या त्या शाळेने पाहावे.

येथे खानदेशच्या वाचकांना साने गुरुजींचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक असता ते छात्रालयातील मुलांची अंथरुणे स्वतः आवरीत, खोल्या झाडीत. 1930 साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात पडले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने त्यांनीच उतरून घेतली. म्हणजे पुढे ते राजकारणातले पुढारी झालेच. राष्ट्र सेवा दलाचे एस. एम. जोशी यांचेही तसेच; 1941 साली सेवा दल उभे राहिले तेव्हा ते दलप्रमुख होते आणि 1956 नंतर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे अग्रणी झाले. ही माणसे मुलांच्या मेळाव्यास 'उपस्थित राहत' नसत. ती तेथेच असत, मुलांबरोबर जेवत, मुलांबरोबर झोपत. असा पुढारी मेळाव्यास आला तर त्याला अतिथी म्हणावयाचे कारणच उरत नाही. श्रेष्ठांच्या आचरणामागून लोक जातात, असे भगवंतांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनास सांगितले आहे. तेथे शब्द आचरणाविषयी आहे, आगमनाविषयी नाही.

आता आपल्या वस्तीकडे वळू. एका वर्षी येथील एका मंडळाने सायंआरती मुद्दाम सात वाजताची ठेवली होती, कारण गिरणीची रात्रपाळी आठला लागते. रंगाच्या खात्यात बारा-बारा तास उभी राहणारी मुले. त्यांनीच पगारातून वर्गणी दिलेली. एका दिवशी कोणी पुढारी येणार म्हणून आरती थांबविली. वडील निरांजने लावून बसले होते; वात दोनदा बदलावी लागली. पावणेआठला रात्रपाळीची मुले एकेक करून उठली, दुरून हात जोडून निघून गेली. पुढारी सव्वानऊला आले. माणूस वाईट नव्हता. त्या संध्याकाळी त्यांना अनेक मंडळांत जावयाचे होते, तसे त्यांनी नम्रपणे सांगितलेही. आरती झाली, चित्र निघाले, ते गेले. गणपती कोणाचा होता हे त्या रात्री कोणी विचारले नाही. ज्यांनी विचारले असते ती मुले गिरणीत होती.

पंढरपुरास आषाढीची शासकीय महापूजा मुख्यमंत्री करतात, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यावरही वाद होतात, पण त्या पूजेतील एक प्रथा आम्हांस फार आवडते. दर्शनाच्या रांगेतील एका वारकरी दांपत्यास मानाचे वारकरी म्हणून मुख्यमंत्र्यांबरोबर पूजेस बसवितात. निदान त्या वेळेपुरता तरी रांगेतला माणूस गाभाऱ्यात असतो. आपल्या मंडळांनी एवढे सहज करण्यासारखे आहे. पुढारी यावेत, अवश्य यावेत. आरतीचे तबक त्यांच्या हाती द्यावे, पण वेळ ठरलेली असेल तीच, आणि बरोबरीने रात्रपाळीचा एक मुलगा उभा असावा. आरतीनंतर त्यांनी सतरंजीवर अर्धा तास बसावे. गटाराचे, पाण्याचे, मराठी शाळेच्या वर्गांचे प्रश्न मुलांनी विचारावेत. पक्षाचे फलक मंडपाबाहेर.

हे वाचून मंडळाचे खजिनदार लगेच म्हणतील की फलक नसेल तर देणगी कोण देईल? त्यांचे म्हणणे खरे आहे. मंडप, वाजंत्री, दिवे, मूर्ती यांचा खर्च गिरणीच्या पगारातून निघत नाही, आणि मोठ्या देणगीची पावती बहुधा फलकाच्या आकाराएवढीच असते. आमच्याजवळ याला एकच उत्तर आहे, आणि ते खजिनदारांना रुचेल अशी खात्री देता येत नाही. मंडप दहा हात लहान करावा आणि मूर्ती शाडूची, दोन हातांची आणावी. आषाढी झाली की पावतीपुस्तके छापावयास जातात. हा विचार त्यापूर्वीच्या बैठकीत झाला पाहिजे.