पतीची मिळकत आणि अपंग पत्नीचें साहाय्य

खेड्यांतील मंडळ्यांत पाळकांस व उपदेशकांस कधींकधीं एका अवघड प्रश्नास तोंड द्यावें लागतें. एखादी बहीण पायांनीं पंगू असते, व तिला सरकारांतून दरमहा कांहीं रक्कम मिळत असते. तिच्या पतीस बरें काम लागतें, त्याची मजुरी वाढते, आणि तेवढ्यावरून तिचें साहाय्य बंद होण्याची वेळ येते. ती विचारते कीं, माझे पाय तर पूर्वीसारखेच आहेत, मग माझें साहाय्य कां बंद व्हावें? आणि पतीची मजुरी सांगितलीच नाहीं, तर त्यांत पाप तें काय? हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत, व त्यांचा विचारही निरनिराळा केला पाहिजे.

प्रथम नियम काय आहे तो पाहूं. महाराष्ट्रांत इ. स. १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना चालू आहे. निदान शेंकडा ४० अपंगत्व असलेल्या गरजू मनुष्यास तिच्यांतून साहाय्य मिळतें. इ. स. २०२५ सालीं अपंगांसाठीं ही रक्कम दरमहा २,५०० रुपये ठरविण्यांत आली. परंतु अपंगाच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांहून अधिक नसावें अशी अट आहे. आणि कुटुंबाचें उत्पन्न म्हटलें कीं त्यांत पतीची किंवा पत्नीची मिळकत आलीच. आतां असें समजा कीं एका अपंग बाईचा पति महिना ४,००० रुपये मिळवितो. वर्षाचे ४८,००० झाले, म्हणून ती पात्र आहे, व तिला वर्षाकाठीं ३०,००० रुपये मिळतात. पुढें त्याची मजुरी ४,५०० झाली, तर वर्षाचे ५४,००० होतात, आणि तिची पात्रता जाते. घरांत ६,००० रुपये अधिक आले खरे, पण ३०,००० गेले.

सर्वच साहाय्यांस अशी अट नसते. इ. स. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याप्रमाणें, विमा असलेल्या कामगारास कामावर अपघात होऊन कायमचें अपंगत्व आलें, तर त्यास मिळणारी रक्कम त्याच्या मजुरीवरून व अपंगत्वावरून ठरते. त्याची पत्नी काय मिळविते हें त्यांत विचारीत नाहींत. तें साहाय्य श्रमाशीं व वर्गणीशीं बांधलेलें आहे. निराधार योजनेचें साहाय्य गरजेशीं बांधलेलें आहे. आणि जें गरज पाहून द्यावयाचें, तें देतांना घरांत काय येतें हें विचारणें मुळांतच अन्यायाचें आहे, असें म्हणतां येत नाहीं.

पौल प्रेषितानें तीमथ्यास लिहितांना विधवांविषयीं असाच विवेक शिकविला आहे. जिला आपलीं माणसें आहेत तिचा भार त्यांनीं वाहावा, म्हणजे जिला खरोखर कोणी नाहीं तिला मंडळीकडून पुरवठा होईल. भांडार मर्यादित असलें कीं अशी निवड करावीच लागते. शिवाय नवरा व बायको हीं एकदेह आहेत असें आपण मानतों. तेव्हां त्यांची मिळकत एक धरली तर आपण तक्रार कशी करावी?

परंतु येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. लग्नांतील ऐक्य हें प्रथम देणाऱ्यावर असलेलें ऋण आहे. पतीची मजुरी पत्नीचीही आहे, असें कागद म्हणतो. पण ती मजुरी तिच्या हातीं पोंचते कीं नाहीं, हें कागदास दिसत नाहीं. कित्येक घरांत ती दारूच्या दुकानांत किंवा सावकाराकडे जाते. अशा घरांत साहाय्य बंद झालें म्हणजे तिच्या नांवाचा तेवढाच एक पैसा जातो, व औषधासाठीं किंवा गाडीभाड्यासाठीं तिला हात पसरावा लागतो. दुसरें असें कीं अपंगत्वाला खर्च आहे. दवाखान्याचे हेलपाटे, कुबड्या, हाताखालीं माणूस, हें सर्व घरास सोसावें लागतें. पण मिळकत मोजतांना हा खर्च वजा होत नाहीं.

हा पेंच आपल्याच देशांत आहे असें नाहीं. अमेरिकेंत गरजू वृद्ध, अंध व अपंग यांस इ. स. १९७४ पासून एक साहाय्य दिलें जातें, आणि तेथेंही पतीची किंवा पत्नीची मिळकत मोजतात. मात्र मजुरीचा थोडा भाग प्रथम सोडून उरलेल्यापैकीं अर्धीच जमेस धरतात, म्हणून मजुरी वाढली तरी साहाय्य एकदम तुटत नाहीं, हळूहळू कमी होतें. ही रीत आपल्याहून सौम्य आहे. परंतु तेथेंही एक कांटा आहे. इ. स. २०२५ सालीं एकट्या अपंगास महिना जास्तींत जास्त ९६७ डॉलर होते, आणि दोघेंही पात्र असलेल्या नवराबायकोस मिळून १,४५०. तींच दोघें अविवाहित राहतीं तर दोघांचे मिळून १,९३४ होते. ज्या नियमामुळें गरीब मनुष्यास लग्न महाग पडतें, तो सुधारण्यास पात्र आहे असें आमचें मत आहे.

आतां दुसरा प्रश्न. नियम कठोर आहे म्हणून मिळकत लपवावी काय? हनन्या व सप्पीरा यांनीं नवराबायकोच्या एकमतानेंच पैशाविषयीं खोटें सांगितलें. पेत्रानें दोघांस निरनिराळें विचारलें, आणि त्यांचें एकमत त्यांच्या कामास आलें नाहीं. उत्पन्नाच्या दाखल्यांत खोटें लिहिणें, किंवा एका चुलीवर जेवीत असतां विभक्त आहों असें सांगणें, यास कोणत्याही उपदेशकानें साक्षीदार होऊं नये. त्यानें त्या बहिणीबरोबर तहसील कचेरींत जावें, खरा दाखला काढून द्यावा, आणि ती मर्यादेच्या आंत असूनही तिला डावललें असेल तर अर्ज लिहून द्यावा. मर्यादा वाढावी, अपंगत्वाचा खर्च वजा व्हावा, अशी मागणी ग्रामसभेंत व आमदारांकडे उघडपणें करणें हा आपला हक्क आहे. यरुशलेमांतील विधवांची रोजच्या वांटणींत उपेक्षा झाली तेव्हां कुरकूर ऐकून घेऊन व्यवस्था बदलण्यांत आली, हें आपण विसरूं नये.

शेवटीं पतीस दोन शब्द. भाऊ, तुमच्या मजुरीमुळें जिचें साहाय्य थांबलें, तिच्या हातीं दरमहा कांहीं रक्कम तिनें मागण्यापूर्वीं ठेवा, व तिचा हिशेब विचारूं नका. सरकारनें तुम्हां दोघांस एक धरलें आहे. तें खरें करणें तुमच्याकडे आहे. आणि जेथें पति तें करीत नाहीं, तेथें मंडळीच्या वडिलांनीं त्यास समजावावें, व तो ऐकेपर्यंत त्या बहिणीचें औषध व गाडीभाडें मंडळीच्या दानांतून चालवावें.