प्रार्थना आणि श्रोतृवर्ग

देवापाशीं बोलावयाचे शब्द तिकीट काढून आलेल्या मंडळींपुढें गाइले, तर ते प्रार्थनाच राहतात काय? ख्रिस्ती धर्मांतील प्राचीन प्रार्थना वृंदगायनासाठीं नव्यानें स्वरबद्ध करण्याची जी हौस युरोपांत दिसते, तिचा विचार करतांना हा प्रश्न आमच्या मनांतून जाईना.

एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पार्ट (जन्म १९३५) यांचेंच उदाहरण घेऊं. १९६८ सालीं टालिन येथें त्यांची ‘क्रेडो’ ही रचना गाइली गेली. तींत येशू ख्रिस्तावरील श्रद्धेची कबुली लॅटिन भाषेंत उघड दिलेली होती, आणि देशावर अंमल होता सोव्हिएत सत्तेचा! रचनेवर बंदी आली. त्या काळीं ते शब्द उच्चारण्यास किंमत पडत होती. गाणारा भाविक कीं नास्तिक, ही चौकशी करण्याचें कारणच उरलें नव्हतें.

त्यानंतर कित्येक वर्षें पार्ट यांनीं फार थोडें लिहिलें, आणि मध्ययुगीन धर्मसंगीताचा अभ्यास केला. १९७६ मध्यें त्यांना स्वतःची वाट सांपडली. एक आवाज पायरीपायरीनें चालतो, दुसरा तीनच ठराविक सुरांत राहून त्याची सोबत करतो. १९८० सालीं त्यांनीं देश सोडला. पुढें ‘कानोन पोकायानेन’ या रचनेंत त्यांनीं पश्चात्तापाचें एक जुनें स्तोत्र घेतलें. क्रीटचे संत आंद्रेय यांच्या नांवावर तें सांगितलें जातें. भाषा चर्चमधील जुनी स्लाव्ह. वाद्य एकही नाहीं. शब्दांतील अक्षरें किती, आघात कोठें, विराम कोणता, यांवरून स्वरांची चाल ठरते. संगीतकारानें आपली लहर शब्दांच्या पायांशीं ठेवली, असेंच आम्ही म्हणूं. येथें किंमत पडली ती त्याला.

गायकाच्या अश्रद्धेचें आम्हांस फारसें भय वाटत नाहीं. पोटार्थी पुराणिकाच्या तोंडची कथा म्हणून कांहीं खोटी ठरत नाहीं. प्रश्न आहे तो श्रोत्याचा. १९९८ च्या मार्च महिन्यांत कोलोनच्या कॅथीड्रलमध्यें ही रचना प्रथम गाइली गेली. १२४८ सालीं पाया घातलेल्या त्या मंदिराचा साडेसातशेवा वाढदिवस होता. त्या जर्मन नगरींत ही भाषा जाणणारे किती असतील? स्तोत्रांतला पापी ‘मी’ एकवचनी आहे. सारा वृंद तो एकदम उच्चारतो, आणि ऐकणाऱ्याला तो सहजच दुसऱ्या कोणाचा तरी वाटूं शकतो. डोळे पाणावतात, पण पश्चात्ताप कशाचा, हें सांगण्याची पाळी कोणावर येत नाहीं. या सुखाला आम्ही प्रार्थना म्हणण्यास धजत नाहीं. तें क्षुद्र आहे असेंहि म्हणवत नाहीं.

आम्ही ही रचना घरीं, ध्वनिमुद्रिकेवरून ऐकली. ती सुमारें दीड तास चालते. मध्यें चहाची वेळ झाली तेव्हां ती थांबविली, आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशीं ऐकला.