वर्गात बसणारा सहकारी

दहावीला बीजगणित शिकवायचे तर बी.एड. लागते. तीच मुले बारावी ओलांडून महाविद्यालयात आली की त्यांच्यासमोर उभे राहायला नेट, सेट किंवा पीएच.डी. पुरते. नेट-सेटच्या पहिल्या पेपरात अध्यापन अभियोग्यतेचे थोडे प्रश्न असतात, तेही पर्याय निवडून सोडवायचे. नव्या प्राध्यापकाला विषय येतो का, हे आपण तपासतो. तो समजावून देता येतो का, हे त्याचे त्याने वर्गात शोधायचे.

हे कुणाच्या लक्षात आले नाही असे नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) नव्या अध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग सुचवले होते. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली. पुढे ती मनुष्यबळ विकास केंद्रे झाली, आता मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे आहेत. तिथे चांगली व्याख्याने होतात, इतर विद्यापीठांतली माणसे भेटतात. तरीही प्राध्यापकांच्या बोलण्यात तिथले ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर वर्ग येतात ते बहुतेक वेळा पदोन्नती अडली की. प्रमाणपत्र ‘कॅस’च्या, म्हणजे पदोन्नती योजनेच्या, फाइलला लावायचे असते.

त्या पदोन्नतीत अध्यापन कसे मोजतात? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा अधिक तास घेतले की शेरा ‘चांगले’. तासात काय घडले, याची विचारपूस नाही. शोधनिबंध परीक्षकांच्या नजरेखालून जातो; शिकवणे मात्र दार लावून एकट्याने करायचे काम राहते. मला हा एकटेपणाच मूळ दुखणे वाटतो.

प्रथम वर्षाच्या वर्गात मागणीची लवचिकता शिकवली जात आहे, असे समजा. फळ्यावर सूत्र आहे, मुले व्याख्या उतरवून घेत आहेत. निफाडकडून आलेल्या मुलाने घरी पाहिलेले असते की कांदा उदंड पिकला त्या वर्षी हातात पैसा कमीच आला. भाव पडला तरी लोक त्या प्रमाणात जास्त कांदा खात नाहीत. लवचिकता कमी असणे म्हणजे हेच. पण वही आणि वावर यांची गाठ वर्गात पडत नाही. शिकवणाऱ्याला हे समोरून दिसणे अवघड, कारण सगळ्या माना खाली आणि पेने चालू. शेवटच्या बाकावर बसलेल्या सहकाऱ्याला ते दिसते. तास संपल्यावर चहा घेताना तो एवढेच विचारेल, “सर, कांद्यापासून सुरुवात केली असती तर?” असे बोलणे प्रशिक्षण केंद्रातल्या चार आठवड्यांच्या व्याख्यानांतून मिळत नाही, कारण तिथे आपला वर्गच नसतो.

सहकाऱ्याने असे वर्गात बसावे यासाठी मोठा निधी नको, पण दोन गोष्टी हव्यात. निरीक्षणाचा कागद प्राचार्यांकडे किंवा गोपनीय अहवालात जाता कामा नये. गेला, की तास पाहुण्यासाठी सजवला जाईल आणि अडचण कुणी बोलून दाखवणार नाही. दुसरे, सहकाऱ्याच्या वर्गात बसण्याचा आणि त्यावर बोलण्याचा वेळ कार्यभारात धरला पाहिजे. फावल्या वेळेवर सोडलेले काम कार्यशाळेच्या छायाचित्रापुरते होते.

राहतात ते तासिका तत्त्वावरचे अध्यापक. त्यांना घेतलेल्या तासांचे मानधन मिळते. दुसऱ्याच्या वर्गात बसून शिकण्याचे काहीच नाही. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही, हेही त्यांना ठाऊक नसते. अनेक ठिकाणी प्रथम वर्षाचे भरगच्च वर्ग त्यांच्याच वाट्याला येतात. म्हणून दुसऱ्याच्या वर्गात बसण्याच्या तासालाही मानधन द्यावे, आणि अनुभवी सहकाऱ्याने पहिल्यांदा त्यांच्याच वर्गात जाऊन बसावे.