न पेलणारे आढे

रोमच्या वायव्येला, चेर्वेतेरीच्या बान्दिताच्चा दफनभूमीत, एट्रुस्कन थडग्यांची छते नीट पाहावीत. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ खडकात मधोमध आढे कोरलेले, त्याच्या दोन्ही अंगांना उतरते वासे. या आढ्यावर भार कसलाच नाही. वरचा खडक आपल्याच बळावर तोललेला आहे. तरीही कारागिराने ते कोरले, कारण त्याच्या डोळ्यांपुढे घर होते. एट्रुस्कनांना मृत्यूत रमलेला, गूढ समाज म्हणण्याची जुनी रीत मला म्हणूनच अन्यायाची वाटते. त्यांची राहती घरे मातीच्या विटांची आणि लाकडाची होती. देवळांचाही पाया तेवढा दगडी. वर लाकूड, माती आणि कौले. वेईचा अपोलो हा भाजलेल्या मातीचा पुतळा इ.स.पू. 510 च्या सुमारास देवळाच्या आढ्यावर उभा होता. 1916 मध्ये तो जमिनीतून निघाला, त्याचे छप्पर मात्र केव्हाच नाहीसे झाले होते. थडगी टिकली ती खडकात होती म्हणून. एवढ्यावरून साऱ्या समाजाचा स्वभाव ठरवणे चूक आहे.

थडगे ही परलोकाची कल्पना असेल, घराचा पुरावा कशावरून, हा आक्षेप रास्त आहे. पण आक्वारोसा आणि सान जोव्हेनाले इथल्या उत्खननांत घरांचे पायेच सापडले. पुढे आडवी खोली आणि तिच्यामागे शेजारी-शेजारी खोल्या, ही थडग्यांतली मांडणी तिथल्या घरांतही आढळते. मग तार्क्विनियाच्या ऑर्कसच्या थडग्यातला, हाती साप घेतलेला तुखुल्खा दैत्य? उत्तरकाळात भिंतींवर परलोकाचे भय दाटले, हे मान्यच करावे लागते. पण साधारण त्याच काळात, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस, चेर्वेतेरीच्या एका कुटुंबाने आपल्या थडग्यात गिलाव्याचे उठाव करून घेतले. त्यांत उशा आहेत, सुरे आहेत, दोराचे वेटोळे आहे, पलंगाशी पाय ठेवायच्या चौरंगावर चपला आहेत. भय होते, तरी घर सुटले नव्हते.

हे सारे धनिकांचे, असे म्हणता येईल, आणि अशा थडग्यांपुरते ते खरेही आहे. गरिबाची झोपडी इथे दिसत नाही. पण बान्दिताच्चात सगळीच थडगी मोठ्या गोल टेकाडांखाली नाहीत. इ.स.पू. सहाव्या शतकात तिथे सरळ रस्त्यांच्या कडेने, एकसारख्या तोंडवळ्याची चौकोनी थडगी रांगेने उभी राहिली. मोजून आखलेल्या त्या रांगांत मला सरदारांच्या खालच्या थराची, शेजाराला धरून राहणारी माणसे दिसतात.